औषध लावूनही डोक्यात उवा परत परत होत असतील तर तपासणी कशी करावी

तक्रार बहुतेक वेळा अशीच असते. मुलाच्या डोक्यात उवा झाल्या, औषध आणलं, लावलं, चार दिवस बरे गेले आणि मग पुन्हा डोकं खाजवणं सुरू झालं. पुन्हा तेच औषध. महिन्याभरात तिसऱ्यांदा तीच झटापट. मोठी माणसं थकतात, मूल औषधाची बाटली पाहूनच रडायला लागतं, आणि शेवटी दोष औषधाला तरी दिला जातो नाहीतर वर्गातल्या दुसऱ्या एखाद्या मुलाला.

या सगळ्यात तपासणीकडे मात्र कुणी फारसं बघत नाही. डोकं कोरडं होतं की ओलं, शेवटचं कधी पाहिलं होतं, जिवंत ऊ सापडली की नुसत्या लिखा, सापडली ती केवढी होती, हे विचारलं की बहुतेकांकडे उत्तर नसतं. आणि हीच उत्तरं हाताशी नसल्यामुळे उपाय चुकतो. कारण उवा परत झाल्या असं जेव्हा आपण म्हणतो, तेव्हा प्रत्यक्षात चारपैकी एक गोष्ट घडलेली असते. एक, औषधाने उवा मेल्याच नाहीत. दोन, उवा मेल्या पण लिखा वाचल्या आणि नंतर फुटल्या. तीन, डोकं खरंच साफ झालं होतं, पण बाहेरून नवी ऊ आली. आणि चार, आता डोक्यात एकही ऊ नाही, दिसतात ती जुन्या लिखांची रिकामी टरफलं. प्रत्येकावर करायचं काम वेगळं आहे. चौथ्या प्रकारात तर औषध लावायचंच नाही. म्हणून माझा आग्रह असा की, पुढची बाटली उघडण्याआधी एकदा पद्धतशीर तपासणी करा.

लिखा दिसल्या म्हणजे उवा आहेतच असं नाही

आधी हे ठरवून घेऊ की कशाला पुरावा मानायचं. डोक्यात जिवंत, हलणारी ऊ सापडली तरच उवा आहेत असं म्हणायचं. नुसत्या लिखा दिसल्या तर त्यावरून एवढंच कळतं की कधीतरी उवा होत्या. कदाचित अजूनही असतील, कदाचित दोन महिन्यांपूर्वीच संपल्या असतील.

अडचण अशी की लिखा दिसायला सोप्या आणि उवा दिसायला अवघड. लीख केसाला घट्ट चिकटलेली, जागच्या जागी. ऊ मात्र उजेड पडला, केस हलले की झरझर आत सरकते. ती एका मिनिटात २० सेंटिमीटरपेक्षाही जास्त अंतर चालू शकते. त्यात एका डोक्यात जिवंत उवा असतात तरी किती? बऱ्याच मुलांच्या डोक्यात दहा-वीससुद्धा नसतात. दाट केसांत त्या दहा जीवांना कोरड्या केसांत भांग पाडून शोधणं म्हणजे नशिबावर सोडल्यासारखंच. आपण भांग पाडतो तोवर ती शेजारच्या केसांत गेलेली असते.

हे आकड्यांतही दिसलेलं आहे. २००९ साली जर्मनीतल्या एका अभ्यासात ६ ते १२ वर्षांच्या ३०४ शाळकरी मुलांची डोकी दोन पद्धतींनी पाहिली गेली. ज्यांच्या डोक्यात जिवंत उवा होत्या, त्यांच्यापैकी नुसत्या डोळ्यांनी केस बाजूला करून पाहण्यात जेमतेम २९ टक्के मुलं सापडली. ओल्या केसांतून फणी फिरवल्यावर मात्र सुमारे ९० टक्के सापडली. म्हणजे 'काल पाहिलं होतं, काही नव्हतं' या वाक्याला कोरड्या केसांच्या बाबतीत फारसा अर्थ उरत नाही. उलट जुन्या, संपून गेलेल्या उवांच्या लिखा मात्र नुसत्या नजरेला जास्त दिसल्या. आपली गफलत नेमकी इथेच होते. डोळ्यांनी पाहताना खऱ्या उवा निसटतात आणि जुनी टरफलं तेवढी डोळ्यात भरतात.

ओल्या केसांची तपासणी

लागणारं सामान थोडं आहे. चांगली फणी, साधा मोठ्या दातांचा कंगवा, भरपूर कंडिशनर, पांढरे टिश्यू किंवा पांढरं सुती फडकं, केस बाजूला धरायला चार-सहा क्लिपा आणि भरपूर उजेड. दिवसाचा खिडकीतला उजेड सगळ्यात चांगला. संध्याकाळी करायचं असेल तर दिवा बाजूने, केसांच्या जवळ आणा. चाळिशी लागली असेल तर चष्मा घाला, शक्य असेल तर भिंगही जवळ ठेवा.

फणीत काटकसर करू नका. तिच्या दातांमधलं अंतर ०.३ मिलिमीटरपेक्षा जास्त नसावं, नाहीतर नुकतंच फुटलेलं उवेचं पिल्लू मधून निसटतं. लांब दातांची धातूची फणी दाट केसांत चांगली चालते, कारण प्लॅस्टिकचे दात वाकतात आणि मधे फट पडते. वापरण्याआधी फणी उजेडासमोर धरून बघा. दोन दातांमध्ये एके ठिकाणी जरी जास्त उजेड दिसला, तरी त्या फणीवर भरवसा ठेवू नका.

केस नेहमीसारखे धुवा आणि ओले असतानाच कंडिशनर मुळापासून टोकापर्यंत सढळ हाताने लावा. केस पाण्याने आणि कंडिशनरने निथळत असले की ऊ हालचाल जवळजवळ थांबवते आणि केस सोडून पळू शकत नाही. शिवाय फणी अडत नाही. आधी मोठ्या कंगव्याने सगळा गुंता सोडवून घ्या. गुंता राहिला तर फणी ओढली जाते, मूल कळवळतं आणि पुढची सगळी तपासणी घाईत उरकली जाते.

आता डोक्याचे चार भाग करा, मधोमध भांग आणि कानापासून कानापर्यंत दुसरा भांग. तीन भाग क्लिपांनी बांधून ठेवा. मोकळ्या भागातून फणीच्या रुंदीपेक्षा कमी, अशी पातळ बट घ्या. फणीचे दात मुळाशी, डोक्याच्या त्वचेला हलके टेकले पाहिजेत. तिथून एका दमात टोकापर्यंत ओढा. बहुतेकांच्या तपासणीत पाणी मुरतं ते इथेच. फणी मुळापासून बोटभर वरून सुरू होते, आणि उवा तर त्या बोटभर जागेतच राहतात, कारण त्यांना ऊब हवी असते आणि दर काही तासांनी रक्त लागतं.

प्रत्येक वेळी ओढून झालं की फणी पांढऱ्या टिश्यूवर पुसा आणि लगेच बघा. कंडिशनरच्या पांढऱ्या थरात तपकिरी ठिपका दिसला की थांबा. टिश्यू उजेडात न्या. ठिपक्याला पाय आहेत का? मिनिटभरात हलतो का? ऊ असेल तर डोक्याकडच्या बाजूला तीन-तीन पायांच्या दोन ओळी दिसतील, आणि पोटाच्या पारदर्शक कातडीतून मधोमध काळपट रेघ. ती रेघ म्हणजे तिने प्यायलेलं रक्त. एकदा ही नीट पाहिली की पुढे कधी चुकायला होत नाही, म्हणून पहिल्या वेळी घाई करू नका.

तीच बट खालच्या बाजूनेही विंचरा, मग पुढची. कानांमागचा भाग आणि मानेवरची केसांची कड इथे दोनदा फणी फिरवा, कारण तिथे उवा आणि लिखा सापडण्याची शक्यता सगळ्यात जास्त. सगळं डोकं झालं की कंडिशनर धुऊन टाका आणि ओल्या केसांतून पुन्हा एकदा फणी फिरवा. आखूड केसांना दहाएक मिनिटं लागतात, लांब, दाट किंवा कुरळ्या केसांना वीस ते तीस. कुरळ्या केसांत कंडिशनर दुप्पट लावावा लागतो, आणि बटा अगदी बारीक घ्याव्या लागतात. फणी टोकापर्यंत जातच नसेल, तर निदान मुळापासून चार-पाच सेंटिमीटरपर्यंत तरी प्रत्येक बट विंचरली जाईल एवढं पहा.

मुलांबद्दल थोडं. अर्धा तास मान स्थिर ठेवणं लहान मुलाला जड जातं, म्हणून सलग करू नका. एक भाग झाला की थांबा, पाणी द्या, उठू द्या, मग पुढचा भाग घ्या. 'आई, दुखतंय गं' असं ऐकू आलं तर फणीच्या वर, मुळाजवळ बट बोटांत घट्ट धरा. मग ओढ मुळाला लागत नाही. टिश्यू मुलाच्या हातात द्या, 'काही दिसतंय का बघ बरं' म्हणा. मुलांना हे काम फार आवडतं आणि त्यांची नजर आपल्यापेक्षा तीक्ष्ण असते. आणि एक गोष्ट अगदी कळकळीने सांगते, तपासताना 'शी', 'काय घाण' असे उद्गार काढू नका. उवांचा अस्वच्छतेशी संबंध नाही. रोज धुतलेल्या केसांतही त्या तितक्याच सुखाने राहतात. मुलाला मात्र ते शब्द लागतात, आणि पुढच्या वेळी डोकं खाजलं तरी ते आपल्याला सांगत नाही. मग आपल्याला कळतं तेव्हा महिना उलटून गेलेला असतो.

सापडलेलं नेमकं काय आहे

पूर्ण वाढलेली ऊ तिळाएवढी असते, २ ते ३ मिलिमीटर. नुकतंच फुटलेलं पिल्लू १ मिलिमीटरच्या आसपास, जवळजवळ पारदर्शक. रक्त प्यायलं की त्याच्यातही गडद ठिपका दिसतो. लीख याहूनही लहान, ०.८ मिलिमीटर लांब, लांबट गोल, आणि केसाच्या एका बाजूला तिरकी चिकटलेली.

कोंडा, कातडीचे पापुद्रे, स्प्रेचे वाळलेले थेंब, कापसाचे तंतू हे सगळं लिखेसारखं दिसू शकतं. यात ओळख एकच पुरते. दोन नखांत केस धरून तो कण टोकाकडे सरकवा. कोंडा फुंकरीनेही उडतो. काही मुलांच्या केसांवर पांढऱ्या बारीक नळ्या असतात, त्या केसाभोवती पूर्ण गुंडाळलेल्या असतात आणि केसावरून मण्यासारख्या सहज पुढेमागे सरकतात. लीख सरकत नाही. उवेने ती केसाला अक्षरशः डकवलेली असते, ती नखाने खरवडूनच काढावी लागते. 'लिखाच लिखा' म्हणून औषधाच्या दोन-तीन बाटल्या संपवल्यावर तो कोंडा निघाला, असं अनेकांचं होतं.

लीख आहे हे नक्की झालं की तिचं वय काढा. हे जमतं, आणि वारंवार होणाऱ्या उवांचा छडा लावायला याच्यासारखं साधन नाही. उवा लिखा घालतात त्या केसाच्या मुळाशी, त्वचेपासून साधारण ६ मिलिमीटरच्या आत, कारण अंड्याला उबेची गरज असते. लीख सात ते दहा दिवसांत फुटते. केस महिन्याला साधारण १ सेंटिमीटर वाढतो आणि चिकटलेलं टरफल त्याच्याबरोबर वर वर जातं. म्हणजे त्वचेपासून १ सेंटिमीटरवर असलेली लीख महिनाभरापूर्वीची, २ सेंटिमीटरवरची दोन महिन्यांपूर्वीची. या सगळ्या कधीच फुटलेल्या किंवा मेलेल्या. रंगही साथ देतो. जिवंत लीख तपकिरी, केसाच्या रंगात मिसळणारी असते, रिकामं टरफल पांढरं आणि चकचकीत. लांबून डोळ्यात भरणाऱ्या पांढऱ्या लिखा बहुतेक रिकाम्याच असतात.

पट्टी घ्या आणि खरंच मोजा. सगळ्या लिखा १ सेंटिमीटरच्या पुढे, ओल्या केसांच्या तपासणीत एकही जिवंत ऊ नाही, असं असेल तर औषध नको. तीन-चार दिवसांनी एकदा पुन्हा ओली तपासणी करा, तीही साफ निघाली तर हा विषय मिटला. तरीही जुनी टरफलं काढून टाकलेली बरी. त्यांच्यापासून काही होत नाही, पण ती डोक्यात राहिली की पुढच्या तपासणीत नवी कोणती नि जुनी कोणती हा घोळ पुन्हा होतो.

उवेच्या आकारावरून कारण कळतं

जिवंत ऊ सापडली तर तिला पारदर्शक चिकटपट्टीने एका कागदावर चिकटवा, बाजूला तारीख आणि औषध लावून किती दिवस झाले ते लिहा. वहीचं एक पान याला पुरतं. डॉक्टरांना दाखवायलाही हेच उपयोगी पडतं.

औषध लावल्यानंतर आठ ते बारा तासांनी फणी फिरवा. उवा मेलेल्या किंवा अगदी मंद सरकत असतील तर औषध काम करतंय, त्याला वेळ द्या. पण पूर्ण वाढलेल्या उवा आधीसारख्याच तुरुतुरु पळत असतील, तर पहिला प्रकार घडलाय, औषध लागू पडलेलं नाही. अशा वेळी तेच औषध लगेच पुन्हा लावू नका. आधी लावण्याची पद्धत आठवा. १ टक्का परमेथ्रिनचं (उवा मारणारं कीटकनाशक) औषध ज्या केसांना लावायचं, ते केस साध्या शाम्पूने धुऊन टॉवेलने टिपलेले हवेत आणि त्यावर कंडिशनर अजिबात नको, कारण कंडिशनरचा थर औषधाला केसावर बसू देत नाही. ते दहा मिनिटं ठेवायचं, धुवायचं, आणि पुढचे एक-दोन दिवस केस धुवायचे नाहीत. म्हणून वर सांगितलेली कंडिशनरची तपासणी आणि औषध एकाच बैठकीत करू नका. लांब केसांना एक बाटली पुरेलच असं नाही, हेही पॅकवर वाचा. हे सगळं नीट केलेलं असूनही उवा ठणठणीत असतील, तर त्या या औषधाला सरावलेल्या असू शकतात. परमेथ्रिन आणि त्याच्या जातीच्या औषधांना न जुमानणाऱ्या उवा आता जगात बऱ्याच ठिकाणी आढळतात. मग डॉक्टरांना विचारून दुसऱ्या प्रकारचं औषध घ्या. डायमेथिकोन हे सिलिकॉनचं तेल उवेला विष देत नाही, तिच्यावर थर चढवून तिला निकामी करतं, त्यामुळे सरावाचा प्रश्न तिथे तसा येत नाही. आयव्हरमेक्टिन या आणखी एका औषधाचं लोशन सहा महिन्यांपुढच्या मुलांना चालतं. त्याचीच पोटात घ्यायची गोळी मात्र डॉक्टर मुलाच्या वजनावरून ठरवतात, १५ किलोच्या आतल्या मुलांना ती सहसा देत नाहीत.

दुसरा प्रकार ओळखणं सोपं आहे. औषध लावून आठवडा झालाय आणि फणीत फक्त बारीक बारीक पिल्लंच येतात, मोठी एकही नाही. याचा अर्थ उवा मेल्या होत्या, लिखा वाचल्या. परमेथ्रिन सगळ्या लिखा मारत नाही, म्हणूनच त्याचा दुसरा हात नवव्या दिवशीच्या सुमारास लावायचा असतो. तोवर जवळपास सगळ्या लिखा फुटलेल्या असतात आणि एकाही पिल्लाने अजून अंडं घातलेलं नसतं. वारंवारच्या तक्रारीत हे कारण सर्रास सापडतं. डोकं साफ दिसतं म्हणून दुसरा हात राहून जातो, आणि तीन आठवड्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

तिसरा प्रकार म्हणजे दोन आठवडे तपासण्या साफ, पिल्लंही नाहीत, आणि अचानक एखाद-दुसरी मोठी ऊ. ती तुमच्या घरच्या लिखेतून इतक्यात मोठी होऊन आलेली नसणार, तशी असती तर मधल्या तपासण्यांत पिल्लू असतानाच सापडली असती. ती बाहेरून आली. इथे औषध बदलून उपयोग नाही, ज्यांच्या डोक्याला आपल्या मुलाचं डोकं लागतं त्यांचं डोकं पाहणं हाच उपाय. हा निष्कर्ष काढायला मधल्या तपासण्या झालेल्या असाव्या लागतात, हे वेगळं सांगायला नकोच.

औषध न लावता

मूल फार लहान असेल, त्वचा नाजूक असेल किंवा पुन्हा पुन्हा औषध लावायला मन घेत नसेल, तर नुसत्या फणीनेही उवा घालवता येतात. पहिल्या, पाचव्या, नवव्या आणि तेराव्या दिवशी वर सांगितल्याप्रमाणे ओल्या केसांतून पूर्ण डोकं विंचरायचं, आणि सतराव्या दिवशी खात्रीसाठी तपासायचं. या दिवसांमागे हिशेब आहे. लीख फुटल्यापासून अंडी घालण्याजोगी ऊ व्हायला नऊ-दहा दिवस तरी लागतात. दर चार दिवसांनी फणी फिरली तर प्रत्येक पिल्लू मोठं होण्याआधी दोन वेळा फणीच्या तावडीत येतं. एक खेप चुकली की मात्र हिशेब मोडतो, कारण एक मादी रोज आठपर्यंत लिखा घालू शकते. तेराव्या दिवशी एखादी जरी ऊ सापडली, तरी पुढे चार-चार दिवसांनी चालू ठेवा, लागोपाठ तीन खेपा साफ जाईपर्यंत.

ज्यांना वेळ काढणं शक्य आहे त्यांना मी आधी हाच मार्ग सुचवेन. ज्यांना शक्य नाही त्यांनी औषध निवडण्यात कमीपणा काहीच नाही. तेव्हाही फणीची तपासणी तेवढी सोडू नका.

बाकीच्यांची डोकी

एका मुलाच्या डोक्यात जिवंत ऊ सापडली की घरातल्या सगळ्यांची ओली तपासणी त्याच दिवशी. सगळ्यांची म्हणजे मोठ्यांचीसुद्धा, आणि मुलाच्या शेजारी झोपणाऱ्या माणसाची तर सगळ्यात आधी. मोठी माणसं 'मला नाही खाजत' म्हणून टाळतात आणि मूल पुन्हा पुन्हा त्यांच्याकडूनच उवा घेतं. औषध मात्र ज्यांच्या डोक्यात ऊ सापडली त्यांनाच, आणि सगळ्यांना एकाच दिवशी.

'खाजत नाही' याला महत्त्व न देण्याचं कारण असं की खाज चावण्यामुळे होत नाही, उवेच्या लाळेची जी ॲलर्जी येते तिच्यामुळे होते. पहिल्यांदाच उवा झालेल्या माणसाला ती यायला चार ते सहा आठवडे लागू शकतात. आणि हेच उलट्या बाजूनेही खरं आहे. सगळ्या उवा गेल्यावरही खाज काही दिवस, कधी काही आठवडे राहते. औषधाने त्वचा कोरडी पडूनही खाजतं. त्यामुळे मूल डोकं खाजवतंय म्हणजे फणी घ्यायची, औषध नाही.

ऊ उडत नाही, उडी मारत नाही. ती एका डोक्यावरून दुसऱ्या डोक्यावर चालत जाते, डोक्याला डोकं लागलेलं असताना. डोक्यापासून सुटली की एक-दोन दिवसांत मरते. म्हणून घर धुऊन काढण्यात दिवस घालवू नका. गेल्या दोन दिवसांत वापरलेल्या उशांचे अभ्रे, टॉवेल, टोप्या गरम पाण्यात धुवा, पाणी ५४ अंश सेल्सियसच्या वर असावं. कंगवे आणि फण्या अशाच गरम पाण्यात पाच-दहा मिनिटं बुडवून ठेवा. जे धुता येत नाही ते दोन आठवडे पिशवीत बंद करून ठेवलं की झालं. घरात कीटकनाशक फवारू नका, त्याने उवांवर काही होत नाही आणि श्वासावाटे ते मुलांच्या शरीरात जातं. कुत्र्या-मांजरांना माणसाच्या उवा होत नाहीत.

हे कधीही करू नका

रॉकेल, पेट्रोल, झुरळांचं किंवा पिकांवरचं औषध डोक्याला लावू नका. याने मुलं भाजली आहेत, विषबाधा होऊन दगावलीही आहेत. रॉकेल लावलेल्या डोक्याजवळ काडी पेटली तर विझवायला वेळ मिळत नाही. तेल लावल्याने फणी सहज फिरते, तेवढ्यासाठी लावायला हरकत नाही. नुसत्या तेलाने सगळ्या उवा मरतील यावर मात्र विसंबून राहू नका. आणि मुलीचे केस कापून टाकायची गरज नसते. उवा राहतात त्या मुळाशी, केस खांद्यापर्यंत आणल्याने फक्त विंचरायला सोपं जातं. तिला स्वतःला हवं असेल तर कापा, शिक्षा म्हणून नको.

डॉक्टरांकडे कधी जायचं? डोक्यावर खाजवून खाजवून जखमा झाल्या असतील, त्यातून पाणी किंवा पू येत असेल, मानेच्या मागे गाठी सुजल्या असतील, ताप असेल, तर आधी तो संसर्ग बरा करावा लागतो. पापण्यांच्या केसांत काही चिकटलेलं दिसलं तर स्वतः काहीही लावू नका. मूल दोन महिन्यांच्या आतलं असेल तर औषध नाहीच, फक्त फणी. दोन वर्षांच्या आतल्या मुलाला, गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बाईला कोणतंही औषध विचारल्याशिवाय नको. आणि दोन वेगवेगळ्या प्रकारची औषधं नीट लावूनही मोठ्या उवा जिवंत सापडत असतील, तर ती चिकटपट्टीची वही घेऊन जा.

दुसऱ्या पालकांना सांगताना

बाहेरून परत येणाऱ्या उवा थांबवण्याचा एकच मार्ग म्हणजे ज्या दोन-तीन मुलांशी आपलं मूल रोज बिलगून खेळतं, त्यांच्या घरी कळवणं. बहुतेकजण लाजेपोटी गप्प राहतात, आणि तीच ऊ चार घरांत फिरत राहते. दोष न देता साधं लिहा: 'आज मुलीच्या डोक्यात उवा सापडल्या, उपाय सुरू केलाय. मुलं एकत्र खेळतात म्हणून सांगते. केस ओले करून, कंडिशनर लावून फणीने एकदा बघाल का? कोरड्या केसांत दिसत नाहीत.' शेवटचं वाक्य गाळू नका, नाहीतर समोरून 'आम्ही बघितलं, काही नाही' असं प्रामाणिक उत्तर येईल आणि ऊ तिथेच राहील. शक्य असेल तर सगळ्यांनी मिळून एकच संध्याकाळ ठरवा आणि त्या दिवशी सगळ्या मुलांची डोकी पहा.

मुलाला शाळेतून घरी बसवण्याची गरज नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटनाही आपल्या २०२२ सालच्या मार्गदर्शनात हेच सांगते, की उवा किंवा लिखा आहेत म्हणून निरोगी मुलाचा वर्ग बुडू देऊ नये. सापडल्या त्या दिवशी त्या डोक्यात बहुधा आधीच महिनाभर होत्या, एका दिवसाने काही फरक पडत नाही. संध्याकाळी उपाय सुरू करा, केस बांधून शाळेत पाठवा आणि वहीत पुढच्या खेपेची तारीख लिहून ठेवा.